लाडोबाचा चार्ज

फौजेत एका माणसाकडून दुसऱ्याकडे काम जातं, त्याला आम्ही चार्ज देणं आणि चार्ज घेणं म्हणतो. दोघं समोरासमोर उभे राहतात, वस्तू मोजल्या जातात, हालत बघितली जाते. एखादी वस्तू कमी निघाली तर देणाऱ्याची धडगत नसते, हे सिव्हिलियन माणसालाही समजतं. त्याला माहीत नसतं ते हे, की एखादी वस्तू जास्त निघाली तरी तेवढीच बोंब होते. शस्त्रागारात एक रायफल कमी असणं जितकं वाईट, तितकंच एक जास्त असणं वाईट. तिला सरप्लस म्हणतात. ती कुठून आली, याचं उत्तर देताना भल्याभल्या सुभेदारांना घाम फुटलेला मी पाहिला आहे.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. ट्रेड रेडिओ ऑपरेटर. गाव धुळे जिल्ह्यात, पण पेन्शन सुरू झाल्यावर मी सुरतेला आलो. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात सिक्युरिटी सुपरवायझर झालो आणि डिंडोलीत तळमजल्यावर घर घेतलं. ती नोकरीही आता सुटली. माझ्या आयुष्यातला शेवटचा चार्ज मी याच घरात घेतला. एक अजगर.

तो दीपालीचा. दीपाली माझ्या बडीची मुलगी. फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो. जेवण, झोप, पहारा, आजारपण, सगळं त्याच्या जोडीनं. माझा बडी नाईक सुनील महाले, राहणार गोडादरा, सुरत. बाप लूमवर कामाला, मुलगा फौजेत. आम्ही दोघे खान्देशी, त्यामुळे पलटणीत कोणाला कळू द्यायचं नसलं की आम्ही अहिराणीत बोलायचो. सुनील डोंगरात गेला त्याला आता वीस वर्षं होत आली. दीपाली तेव्हा आईच्या पोटात होती. मी सुरतेतच का राहिलो, असं लोक विचारतात. कारण एवढंच, की गोडादऱ्याला इथून रिक्षानं जाता येतं. मला आणि माझ्या बायकोला, सुमनला, मूलबाळ नाही. दीपाली आहे.

आता अजगराबद्दल गैरसमज नको. आपला देशी अजगर घरात ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. हा परदेशी जातीचा, तीन हात लांब, मनगटाएवढा जाड, रीतसर नोंद केलेला. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. पुण्यातला एक मनुष्य असे बरेच पाळायचा. तो परदेशी निघाला तेव्हा त्यानं वाटून टाकले. दीपालीनं एक आणला आणि नाव ठेवलं लाडोबा. तिच्या आईनं, कल्पनावहिनींनी, उंबऱ्यातच सांगितलं, "या घरात एक तर तो राहील नाही तर मी." म्हणून लाडोबा काचेच्या पेटीसकट आमच्याकडे आला. सुमन आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर माझ्याशी बोलायला लागली आणि लाडोबाशीही.

गेल्या वर्षी दीपालीची मिलिटरी नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली. जायच्या दिवशी ती आमच्या हॉलमध्ये पेटीसमोर सावधानमध्ये उभी राहिली. मीही राहिलो. सुमन म्हणाली, दोघांना काम नाही.

"नग एक," दीपाली म्हणाली. "हालत चांगली. काका, टेकन ओव्हर?"

"टेकन ओव्हर," मी म्हणालो.

ड्यूटी सोपी होती. पाणी बदलायचं. पेटीखालची गरम पट्टी चालू आहे ना, बघायचं. पंधरा दिवसांनी एक मेलेला उंदीर द्यायचा, जो बर्फात गोठवून मिळतो. तो आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला सुमननं साफ नकार दिला, म्हणून मी जुना छोटा फ्रिज आणला आणि त्याला कुलूप लावलं. दीपालीचा फोन रविवारी यायचा, दहा मिनिटं. मी रिपोर्ट द्यायचो. लाडोबा ठीक, पाणी ठीक, उंदीर खाल्ला.

उन्हाळ्यात त्यानं उंदीर नाकारला. पुढच्या वेळी पुन्हा नाकारला. फौजेत अन्न नाकारणं हा गुन्हा धरतात, पण याला शिक्षा काय करणार? तो पेटीच्या गरम कोपऱ्यात गोळा होऊन बसायचा आणि हलायचा नाही. मी काळजीत पडलो. सुमननं कमरेवर हात ठेवून एकदा बघितलं आणि निकाल दिला.

"हाई खुडूक व्हयेल शे."

कोंबडी अंड्यांवर बसायला लागते, खाणंपिणं सोडते आणि जवळ गेलं की फुगते, तिला खुडूक म्हणतात. मी हसलो. म्हणालो, लाडोबा नर आहे.

"कोनी सांगं?"

"दीपालीनं."

"आनि तिले कोनी सांगं?"

पुण्याच्या त्या माणसानं सांगितलं असेल, किंवा नुसतं नाव लाडोबा म्हणून आम्ही सगळ्यांनी धरून चाललो असू.

आठवड्याभरात एका सकाळी पाणी बदलायला गेलो तर वेटोळ्याच्या आत पांढरं काही दिसलं. आधी वाटलं, कात टाकली. टॉर्च मारला. अंडी होती. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, लांबट, चामड्यासारख्या कवचाची. बहुतेक एकमेकांना चिकटलेली होती, एक मात्र वेगळं, कडेला. मोजली, सहा. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. चार्ज घेतला होता नग एकचा. आता नग सात.

"सरप्लस," मी म्हणालो.

"मी सांगेल व्हतं ना," सुमन म्हणाली. हे वाक्य तिनं पुढचे दोन महिने येईल त्याला ऐकवलं.

अडाजणला प्राण्यांच्या एक डॉक्टर आहेत, गुजराती, तरुण. त्यांना फोन लावला. मी विचारलं, नर नसताना हे कसं? त्या म्हणाल्या, पुण्यात नरांबरोबर राहिली असेल तर अशी मादी नराचं बीज बराच काळ साठवून ठेवू शकते. अंड्यांत जीव असेलच असं नाही, पण असेल असं धरून चाला. मग मी माझा प्लॅन सांगितला. कोंबडी अंडी उलटीपालटी करते हे मला ठाऊक होतं. मी सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायचं ठरवलं होतं, सकाळची पाळी माझी, संध्याकाळची सुमनची.

"ना काका, ना!" डॉक्टरबेन एवढ्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "हाथ नहीं लगाडता! सापाचं अंडं फिरवलं की आतलं पिल्लू मरतं. जी बाजू वर आहे ती शेवटपर्यंत वर. ऊब द्या, ओल ठेवा, बाकी आईवर सोडा. माँ छे ने, एने बधी खबर छे."

थोडक्यात वाचलो. सकाळची पाळी सुरू व्हायला अर्धा तास होता.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी आणि सुमननं मिळून मादीला वेटोळ्यासकट, अंड्यांसकट, अलगद एका पसरट प्लॅस्टिकच्या टबात सरकवलं आणि टब पेटीत ठेवला. दुपारी बघतो तर कडेच्या त्या एकट्या अंड्यावर, बरोबर वरच्या बाजूला, कुंकवाचा ठिपका. सुमननं काडीनं लावला होता. मी चिडलो. हात लावू नका म्हणून डॉक्टर घसा फोडून सांगतात आणि ही पूजा करते.

"हात कोठे लावा? काडी लावी," ती म्हणाली. "घरमां जीव उना. कोरं ठेवतस का?"

रविवारी दीपालीचा फोन आला. मी रिपोर्ट दिला. ती हसत सुटली. "काका, लाडोबा... ती आहे?" हसणं थांबलं तेव्हा तिचा आवाज वेगळा आला. ट्रेनिंग जड जात होतं. पहाटेची परेड, मग वॉर्ड, मग अभ्यास. सोबतच्या दोन मुली घरी निघून गेल्या होत्या. आपणही जावं असं तिला रोज वाटत होतं. "आई म्हणते ये परत. आपल्याकडे काही टिकत नाही, म्हणते."

रिक्रूट रडला तर मी त्याला मैदानाला एक फेरी मारायला लावायचो. फोनवर ते कसं करणार?

"काका, पैज," ती एकदम म्हणाली. "एक तरी अंडं टिकलं तर मी टिकते. एक तरी."

मी तिला सांगायला हवं होतं की करिअर असं अंड्यांवर लावायचं नसतं. पण दहा मिनिटं संपली. त्या दिवसापासून माझ्याकडे अजगराचा चार्ज होता तो बदलून दुसराच झाला.

दोन महिने मी घर सोडलं नाही. नात्यातल्या लग्नाला सुमन एकटी गेली. पेटीत बॅटरीवर चालणारं थर्मामीटर होतं, त्याचा आकडा मला झोपेतही पाठ असायचा. ओलीसाठी शेवाळाचा थर होता, त्यावर सुमन लांबून पाण्याचा फवारा मारायची आणि मादीला घरातली बातमीही सांगायची. लाडोबा हे नाव आता चालेना. सुमन तिला नुसतं "बाई" म्हणायची. बाई काही खात नव्हती. वेटोळं सैल सोडत नव्हती. पहाऱ्यावरचे अनेक संत्री मी बघितले आहेत. इतका पक्का एखादाच बघितला.

आणि मग पिल्लं बाहेर यायला आठवडा-दीड आठवडा उरला असताना खाडीला पूर आला.

सुरतेत नवख्या माणसाला हे समजत नाही. त्या सकाळी आमच्याकडे ऊन पडलं होतं. लोक गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पाऊस पडला होता तो वर, कडोदऱ्याच्या आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला. ते पाणी खाडीतून खाली येतं आणि खाडीच्या पोटात मावलं नाही की आमच्या गल्लीत शिरतं. काळं, वास मारणारं पाणी. आधी गटाराच्या जाळीतून वर आलं, मग गल्लीभर झालं, मग ओट्याला लागलं. रविवार होता. नऊच्या सुमारास वीज कंपनीनं लाइट बंद केली. पाण्यात करंट उतरू नये म्हणून करतात, बरोबरच करतात. पण गरम पट्टी थंड पडली.

पाणी उंबरा ओलांडून आत आलं. सुमननं तांदूळ, डाळ, कागदपत्रं माळ्यावर टाकली. मी टब बघत होतो. घरात राहता येणार नव्हतं. वर जायचं तर वरच्या मजल्यावर शोभाताई. नांदेडच्या. नवरा बांधकामावर सेंट्रिंगचं काम बघतो. बाई मनानं चांगल्या, पण आमच्याकडे साप आहे हे कळल्यापासून जिना उतरताना आमच्या दाराकडे बघायच्या नाहीत. त्यात त्यांची मुलगी अश्विनी बाळंतपणाला आलेली. घरात महिन्याचं बाळ.

मी जिन्यात उभा राहून विचारलं.

"भाऊ, तुमी या, वहिनीला घेऊन या," शोभाताई म्हणाल्या. "चार दिवस ऱ्हावा. पर ते जनावर नगं. माज्या घरात तान्हं लेकरू हाय."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. मी मागे वळलो. तेवढ्यात सुमन गुडघाभर पाण्यातून जिन्यापाशी आली. साडी वर खोचलेली, केस सुटलेले. तिनं वर बघून एवढंच सांगितलं.

"शोभाताई, बाळंतीन शे ती."

शोभाताईंनी मागे वळून बघितलं. आपल्याकडे कोणी बाळंतीण दारात आली तर तिला परत पाठवत नाहीत. साप असो की कोणी असो, तो शब्द ऐकल्यावर बाईमाणसाला नाही म्हणणं जड जातं. त्यांच्या मागे अश्विनी उभी होती, डोक्याला फडकं बांधलेलं, बाळ खांद्यावर. ती म्हणाली, "आई, येऊ दे. मागची खोली दे त्यांना. दार लावून घेऊ." आणि तिनं बाळाला घेऊन पुढच्या खोलीची कडी लावली.

टब दोघांनी उचलला. पुढे मी, मागे सुमन. जिना ओला झालेला, गाळानं बुळबुळीत. वळणावर माझा पाय सरकला. टब कलला. मी सावरला, पण कडेचं ते एकटं अंडं वेटोळ्याबाहेर घरंगळलं आणि काठावरून माझ्या हातात पडलं. खाली पडलं असतं तर संपलंच होतं.

हातात अंडं. वरची बाजू कोणती? दोन्ही बाजू पांढऱ्याच. एका क्षणासाठी माझं डोकं बंद पडलं, हे मान्य करतो. मग बोटांमध्ये लाल दिसलं. सुमनचा ठिपका. खालच्या बाजूला गेला होता. मी अंडं हळूच फिरवून ठिपका वर आणला.

वर नेऊन टब ठेवला आणि अंडं परत ठेवायला हात पुढे केला, तर बाईनं मान मागे घेऊन फूत्कार टाकला. हलवाहलवीनं ती भेदरली होती. पुन्हा प्रयत्न केला तर ती उसळली असती आणि बाकीची अंडी विस्कटली असती. मी हात मागे घेतला. अंडं रुमालात धरलं, बनियनच्या आत, पोटाशी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसलो. ठिपका वर.

आता ऊब. थर्मामीटरचा आकडा खाली येत होता. शोभाताई दाराबाहेरूनच विचारत होत्या, काय लागतं? मी सांगितलं, गरम पाणी. त्या म्हणाल्या, हात्तिच्या, ते तर इथं रोजचंच. अश्विनीच्या शेकासाठी रबरी पिशव्या, पितळी घागर, सगळं तयार होतं. गॅस चालू होता. शोभाताई पाणी गरम करायच्या, सुमन पिशव्या फडक्यात गुंडाळून टबाच्या दोन्ही अंगांना लावायची. आकडा जास्त वर गेला की मी म्हणायचो, काढा. खाली आला की म्हणायचो, लावा. दाराबाहेरून शोभाताई विचारायच्या, "बाळंतीण बरी हाय ना?" दुपारपर्यंत त्या दाराच्या आत आल्या होत्या. डोळे टबाकडे नव्हते, पण पिशवी स्वतःच्या हातानं देत होत्या.

दुपारी फोन वाजला. फोनची बॅटरी शेवटाला आलेली. दीपाली.

"काका, टीव्हीवर सुरत दाखवतायत. परिस्थिती काय? सिटरेप द्या."

"घरात पाणी. आम्ही वर. बाई आणि पाच टबात, ठीक. एक माझ्याकडे."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"बनियनमध्ये. पोटाशी."

ती म्हणाली, "पप्पांच्या बॅटरीसारखं?"

मी हो म्हणालो. फोन तिथेच बंद पडला.

ती बॅटरीची गोष्ट दीपालीला पाठ आहे. तुम्हाला सांगतो.

उत्तरेतली एक उंच चौकी. हिवाळा. दोन चौक्यांच्या मध्ये आमची पेट्रोल, म्हणजे गस्त, चालायची. रेडिओ सेट माझ्या पाठीवर. त्या थंडीत बॅटरी मरते. भरलेली असली तरी मरते, कारण गारठ्यानं तिच्यातली ताकद आखडते. म्हणून जादा बॅटरी बडीनं आपल्या अंगाशी ठेवायची, कपड्यांच्या सगळ्यात आतल्या थरात. वीट बांधून चालल्यासारखं होतं ते. बरेच जण मध्येच काढून पाठीवरच्या पिट्टूत टाकायचे. सुनीलनं कधी काढली नाही. मी चिडवायचो, तुझ्या बायकोच्या आधी तुझंच पोट दिसायला लागलं. तो म्हणायचा, भाऊ, दोन्हीकडे जीवच वाढतोय.

परतीच्या वाटेवर वरून बर्फ सुटला. आवाज झाला आणि मग काहीच दिसेना. आम्ही सहा जण होतो. दोघे पुरते गाडले गेले, त्यांना आम्ही हातांनी उकरून काढलं. एकाचा पाय मोडला. सुनील एका खडकावर आपटला होता. बाहेर रक्त नव्हतं. तो बसून होता, श्वास लहान लहान घेत होता. मी सेट चालू केला. डेड. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. डेड. अंधार पडायला फार वेळ नव्हता आणि त्या उघड्यावर रात्र कोणी काढली नसती.

सुनीलनं हातमोजा दातांनी ओढून काढला. अंगातल्या जाड कोटाची, पार्काची, चेन उघडली, आत हात घातला आणि बॅटरी काढून माझ्या हातावर ठेवली.

"भाऊ, गरम शे," तो म्हणाला.

मी ती लावली. सेट जिवंत झाला.

"हॅलो अल्फा, ब्राव्हो फॉर अल्फा, मेसेज, ओव्हर."

"अल्फा ओके, ओव्हर."

"ॲव्हलांच. कॅज्युअल्टी चार, एक सिरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"वेट."

हेलिकॉप्टर उजेड जायच्या आत आलं. पाच जण वाचले. सुनील बेसला पोचेपर्यंत गेला. तो आमच्यात बॅटरी घेऊन सगळ्यात सावकाश चालायचा आणि त्या दिवशी आम्ही पाचही जण त्याच्या पोटाच्या उबेवर घरी आलो. यात मी काही वाढवून सांगत नाही.

मी अंडं पोटाशी धरून भिंतीला टेकून बसलो होतो तेव्हा हेच डोक्यात होतं. वाईट वाटत होतं का? नाही. मला बरं वाटत होतं. वीस वर्षं ती गोष्ट माझ्याकडे नुसती सांगण्यापुरती होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा काही उपयोग झाला.

संध्याकाळपर्यंत बाई शांत झाली. सुमननं माझ्या बनियनमध्ये हात घालून रुमालाला बोट लावलं.

"गरम शे," ती म्हणाली.

तिला मी सुनीलचे शब्द कधी सांगितले नव्हते. बॅटरी दिली, एवढंच सांगत आलो होतो. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिनं माझ्या हातातून रुमाल घेतला, अंडं ठिपका वर ठेवून वेटोळ्याच्या कडेला सरकवलं, आणि बाईनं काही केलं नाही. उलट वेटोळं जरा सैल करून ते आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं, संध्याकाळी लाइट आली. घरात वीतभर गाळ होता. फ्रिज दोन्ही गेले, उंदरांसकट. शोभाताईंनी आम्हाला खाली जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, त्या घरात ओल आहे, बाळंतिणीला ओलीत नेतात का? त्यामुळे अजगर नांदेडकरांच्या मागच्या खोलीत राहिला आणि गल्लीतल्या बायका दारात उभं राहून बघून जायला लागल्या. एकीनं तर डिंकाचे लाडू आणले. ते मी खाल्ले.

दीपालीला पहिल्या टर्मनंतर सुटी मिळाली. ती स्टेशनवरून आईकडे न जाता थेट आमच्याकडे आली, कल्पनावहिनींनाही तिथेच बोलावून घेतलं. युनिफॉर्ममध्ये होती. खांदे सरळ. मला बापाची आठवण आली, पण मी फक्त म्हणालो, बूट बाहेर.

तिसऱ्या सकाळी एका अंड्याला बारीक चीर दिसली. चिरेतून एक नाक बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. डॉक्टरबेननी फोनवर बजावलं होतं, ओढायचं नाही, मदत करायची नाही, तासन्तास लागतात. आम्ही सगळे जमिनीवर बसून राहिलो. अश्विनी बाळासकट. एक निघालं, मग दुसरं, मग तिसरं. दोन अंडी पोकळ निघाली. उरलं होतं ते ठिपक्याचं. ते तसंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच. डॉक्टर म्हणाल्या, गडबडलं असेल, आशा ठेवू नका. पैज तर कधीच जिंकली होती, तिघं बाहेर होती, तरी दीपाली जेवेना. मीही जेवलो नाही.

चार वाजता कुंकवाच्या अगदी बाजूला चीर पडली.

मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझ्या अंगावरून ट्रकभर सामान उतरवल्यासारखं वाटलं. खाली गल्लीत लोक गाळाचे सोफे धुऊन वाळत घालत होते. आतून शोभाताईंचा आवाज आला, "आलं गं बाई, आलं!" आणि बाळ रडायला लागलं, खरं माणसाचं बाळ.

दीपाली परत जायच्या आदल्या दिवशी गोडादऱ्याला वहिनींच्या घरी चार्ज द्यायचं ठरलं. हे वहिनींनीच सांगितलं. पेटी आणा, म्हणाल्या, बघू.

त्या घरात मी याआधी एकदाच चार्ज दिला होता. सुनीलची काळी ट्रंक. दोन युनिफॉर्म, बूट, शेव्हिंगचं सामान, घड्याळ, घरून आलेली पत्रं. एकेक वस्तू काढून वहिनींसमोर ठेवली होती. त्या सात महिन्यांच्या पोटुशी होत्या. सगळं मोजून बरोबर निघालं. माणूस तेवढा कमी होता.

या वेळी दीपाली त्याच खोलीत सावधानमध्ये उभी राहिली. मीही. भिंतीवर सुनील, पार्का घातलेला, हसतोय, पोटापाशी जरा फुगलेला. का फुगलेला ते त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"नग एक घेतला होता," मी म्हणालो. "नग पाच देतो. सरप्लस चार."

"सरप्लस कुठून आला, हवालदारसाहेब?" दीपालीनं कडक आवाजात विचारलं.

मी पेटी तिच्यापुढे सरकवली.

वहिनी दारातून पुढे आल्या. चार पिल्लांत सगळ्यात बारीक होतं ते शेवटचं. त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं आणि त्याच्या पाठीला लावलं.

"भाऊ, हाई तं गार शे," त्या घाबरून म्हणाल्या.

"साप आहे वहिनी. गारच असतो."

त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं. मग दोन्ही हातांची ओंजळ करून पिल्लू उचललं, पदरात घेतलं आणि पोटाशी धरून खाली बसल्या. बराच वेळ तशाच बसून होत्या.

"टेकन ओव्हर," दीपाली म्हणाली.